फर्डिनांड कोह्न : उष्णोदकातील जीवसृष्टीचा शोधक

वज्रेश्वरीच्या कुंडांवर, राजापूरजवळच्या उन्हाळे गावी, किंवा सौराष्ट्रातील तुळशीश्याम येथे ऊन पाण्याच्या स्नानाचा लाभ आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. कुंडात उतरताना बरोबरची वडील माणसे हटकून बजावतात की, पायऱ्या बुळबुळीत आहेत, पाऊल जपून टाकावे. आपणही जपून उतरतो, स्नान करतो, देवदर्शन घेतो आणि घरी परततो. परंतु जे पाणी अंगावर घेताना आपण चटका बसून मागे सरतो, त्याच पाण्याच्या वाटेवरील दगडांवर हे हिरवे, पिवळट, निळसर बुळबुळीत लेपन कसले, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. तो मळ नव्हे आणि रंगही नव्हे. ती एक नांदती वसाहत असते. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव तेथे आपला संसार थाटून बसलेले असतात.

या प्रश्नाकडे ज्यांनी गांभीर्याने पाहिले आणि त्याच्या शोधातून पुढे एका नव्या शास्त्राचा पाया घातला, त्या फर्डिनांड यूलिउस कोह्न यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत. लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख ही नावे आपल्या पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. वनस्पतिशास्त्राच्या आणि जंतुशास्त्राच्या इतिहासात कोह्न यांचे नाव त्याच पंक्तीत घेतले जाते. किंबहुना कॉख यांची प्रथम पारख करणारा पुरुष तो हाच, ही गोष्ट पुढे वाचकांच्या ध्यानी येईलच.

कोह्न यांचा जन्म २४ जानेवारी १८२८ रोजी ब्रेस्लाऊ या नगरात झाला. हे नगर त्या वेळी प्रशिया राज्यात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, ते पोलंडकडे आले आणि आज ते व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. कोह्न यांचे घराणे ज्यू धर्माचे, आणि त्यांचे घरही ज्यूंच्या वस्तीतच होते. जन्माच्या वेळी वडिलांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. तरीही या तरुण पित्याने व्यापारात हळूहळू उत्तम जम बसविला आणि आपल्या थोरल्या मुलाच्या शिक्षणात कधी हात आखडता घेतला नाही.

फर्डिनांड यांची बुद्धी लहानपणापासूनच विलक्षण होती. वयाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना वाचता येऊ लागले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. चौथ्या वर्षी ते शाळेत दाखल झाले. परंतु पुढे काही वर्षांतच त्यांच्या कानांत दोष उत्पन्न झाला आणि ऐकू येणे कमी झाले. वर्गात गुरुजी काय सांगत आहेत हे ज्याला धड ऐकू येत नाही, त्या विद्यार्थ्याची अवस्था काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्यांच्या अभ्यासाची गती मंदावली आणि स्वभावात एक प्रकारचा संकोच आला. पण कानांनी सोडलेली साथ डोळ्यांनी भरून काढली, असेच म्हणावे लागेल. कारण पुढील सारे आयुष्य त्यांनी पाहण्याच्या कामी वेचले, आणि जे पाहिले ते इतरांच्या दृष्टीस कधी पडले नव्हते.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १८४२ साली, ते ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात जाऊ लागले. तेथे ग्योपर्ट आणि नेस फॉन एझेनबेक या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सहवासात त्यांना वनस्पतींची गोडी लागली. अभ्यासक्रम त्यांनी यथासांग पुरा केला. पदवी तेवढी घ्यावयाची राहिली होती, आणि नेमकी तीच त्यांना नाकारण्यात आली. कारण त्यांच्या विद्वत्तेत काही उणे होते असे नाही. ते ज्यू होते, एवढेच ते कारण. जन्माने लाभलेल्या गावात, स्वतःच्या विद्यापीठात, परीक्षेस बसण्याचा अधिकार त्यांस नव्हता. त्यांनी वरिष्ठ सरकारकडे अर्ज केले. त्यांचाही उपयोग झाला नाही. आपले गाव आपले असूनही परके ठरावे, याहून बोचरा अनुभव तरुण मनाला दुसरा कोणता असणार?

अखेर १८४६ साली त्यांनी बर्लिनची वाट धरली. तेथे ही आडकाठी नव्हती. बर्लिनमध्ये योहान्नेस म्युलर यांच्यासारखे शरीरशास्त्रज्ञ आणि एरेनबर्ग यांच्यासारखे सूक्ष्म जीवांचे अभ्यासक अध्यापन करीत होते. पाण्याच्या एका थेंबात केवढे विश्व सामावलेले असते, हे एरेनबर्ग यांनी जगाला दाखविले होते. त्यांच्या सहवासात कोह्न यांची दृष्टी मोठ्या वृक्षांवरून सूक्ष्म वनस्पतींकडे वळली. १३ नोव्हेंबर १८४७ रोजी बर्लिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. त्या वेळी त्यांनी वयाची वीस वर्षेही पुरी केली नव्हती.

१८४९ साली ते ब्रेस्लाऊला परत आले. ज्या गावाने नाकारले, त्याच गावी परत येऊन त्यांनी आपले सारे आयुष्य घालविले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. वडिलांनी या सुमारास त्यांच्यासाठी व्हिएन्नाच्या प्ल्योसल या प्रसिद्ध कारागिराने बनविलेले एक मोठे, किंमती सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतले. असे यंत्र त्या काळी एखाद्या खाजगी माणसाच्या घरी असणे ही नवलाची गोष्ट होती. त्या यंत्राखाली कोह्न यांनी डबक्यातील पाणी, शेवाळ, बुरशी, जे मिळेल ते ठेवून पाहण्यास आरंभ केला. १८५० साली एका सूक्ष्म शैवलाचा अभ्यास करताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, वनस्पतींच्या पेशीतील जिवंत द्रव्य आणि प्राण्यांच्या शरीरातील जिवंत द्रव्य ही मूलतः एकाच जातीची आहेत. झाड आणि जनावर यांच्यामधील भिंत अशा रीतीने त्यांनी एके ठिकाणी पाडली. त्याच वर्षी त्यांना ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात व्याख्याने देण्याची अनुज्ञा मिळाली आणि १८५९ साली ते तेथे दुय्यम दर्जाचे प्राध्यापक झाले. १८५२ साली गावात पटकीची साथ आली, तेव्हा विहिरींचे पाणी यंत्राखाली तपासून त्यात कोणकोणते जीव आहेत याची नोंद करण्याचे कामही त्यांनी केले. पिण्याच्या पाण्याची अशी तपासणी आज आपणास नित्याची वाटते. त्या काळी ती नवी होती.

आता आम्ही वाचकांस बोहेमियातील कार्ल्सबाड या गावी घेऊन जातो. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात असून कार्लोव्ही व्हारी या नावाने प्रसिद्ध आहे. येथे जमिनीतून ऊन पाण्याचे अनेक झरे वर येतात. त्यांतील सर्वांत मोठा झरा श्प्रूडेल या नावाचा आहे. त्याचे पाणी सुमारे ७३ अंश सेल्सियस इतके तप्त असते आणि ते कारंज्यासारखे उसळून वर येते. युरोपातील राजेरजवाडे, कवी आणि व्याधिग्रस्त लोक कैक पिढ्यांपासून तेथे पाणी पिण्यास व स्नानास येत असत. या पाण्याची आणखी एक गंमत अशी की, ते जेथून वाहते तेथे दगडाचे थर बसत जातात. त्या पाण्यात एखादी वस्तू ठेवून दिली, तर काही दिवसांत तिच्यावर दगडाचे कवच चढते.

हे दगड कसे बनतात? त्या काळी त्याचे उत्तर केवळ रसायनशास्त्राच्या आधारे देण्यात येत असे. जमिनीच्या पोटातून येताना या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो आणि त्याच्या बळावर पाण्यात चुनखडीही विरघळून राहते. पाणी वर आले, वायू उडून गेला, की चुनखडी तळाशी बसते. हे उत्तर खोटे नव्हे. परंतु पाण्याच्या वाटेवर पसरलेल्या बुळबुळीत शेवाळाकडे कोह्न यांनी यंत्रातून पाहिले आणि १८६२ साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी असे दाखविले की, या दगडाच्या घडणीत शेवाळाचाही हात आहे. सूर्यप्रकाशात शेवाळ आपल्या अन्नासाठी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. त्यामुळे चुनखडीला विरघळून राहण्याचा आधार उरत नाही आणि ती शेवाळाच्या तंतूंभोवती बारीक कणांच्या रूपाने साचू लागते. कणाला कण जोडून थर होतो, थरावर थर चढून खडक होतो. ज्याला नखाने खरवडून काढता येते असा एक कोमल जीव डोंगराचा दगड घडवितो, ही कल्पनाच किती चमत्कारिक आहे!

अशा झऱ्यांचे जवळून निरीक्षण करणाऱ्यास आणखीही एक गोष्ट दिसते. जेथे पाणी कढत असते तेथे हिरवा रंग आढळत नाही. पाणी वाहत वाहत थोडे निवते तेथे रंगाची पहिली रेघ उमटते. आणि अधिक निवलेल्या पाण्यात तिचे दाट गालिचे होतात. प्रत्येक जातीच्या जीवाला आपापल्या उष्णतेची मर्यादा नेमून दिलेली असते आणि झऱ्याच्या काठावरील रंगांचे पट्टे म्हणजे जणू निसर्गाने स्वतः आखलेली उष्णतेची मोजपट्टीच होय. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या जीवांची ही मर्यादा सुमारे ७३ अंशांच्या आसपास आहे, असे आज शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे भाताच्या आधणापेक्षा थोडे कमी तापलेले, परंतु हात घातला असता खचित पोळेल असे पाणी त्यांना मानवते. सजीव वस्तू उष्णतेने मरते हा आपला नित्याचा अनुभव. पण सृष्टीचा नियम आपल्या हाताच्या कातडीवरून ठरत नाही, हा धडा हे शेवाळ शिकविते.

उष्णता आणि जीव यांचा हा संबंध कोह्न यांच्या पाठीशी आयुष्यभर राहिला. पुढे तोच प्रश्न निराळ्या वेषाने त्यांच्यासमोर उभा ठाकला, आणि त्या वेळी त्याच्या उत्तरावर फार मोठी गोष्ट अवलंबून होती.

त्याअगोदर त्यांच्या कार्याचा विस्तार थोडक्यात पाहणे अवश्य आहे. १८६६ साली त्यांच्या प्रयत्नाने ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात वनस्पतींच्या शरीरव्यापारांचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली; त्या विषयासाठी निघालेली ती जगातील पहिली संस्था मानली जाते. १८६७ साली पाउलीने रायखेनबाख यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८७० साली त्यांनी वनस्पतींच्या जीवनशास्त्राला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. १८७२ साली ते पूर्ण दर्जाचे प्राध्यापक झाले, आणि त्याच वर्षी जीवाणूंविषयीचा त्यांचा मोठा निबंध प्रसिद्ध झाला. त्या काळी अनेक विद्वान असे मानीत की, जीवाणूंना ठराविक जाती नाहीत. आज गोल दिसणारा जीवाणू उद्या दांड्यासारखा होतो आणि परवा मळसूत्रासारखा. तसे असते, तर अमुक रोग अमुक जंतूमुळे होतो हे म्हणण्यास अर्थच उरला नसता. कोह्न यांनी हे मत खोडून काढले. जीवाणूंच्याही ठराविक जाती असतात आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या आपला आकार राखतात, असे सांगून त्यांनी आकारांवरून त्यांचे चार वर्ग पाडले. दांड्यासारख्या जीवाणूंच्या एका वंशास त्यांनी दिलेले बॅसिलस हे नाव आजही रूढ आहे.

आता तो मोठा प्रश्न. निर्जीव पदार्थापासून सजीव आपोआप उत्पन्न होतो काय? खरकट्यातून किडे, कुजक्या पाण्यातून जंतू आपसूक निपजतात, अशी समजूत हजारो वर्षे चालत आली होती. पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास आपल्या सुप्रसिद्ध प्रयोगांनी तिला मोठा धक्का दिला होता. उकळून बंद केलेल्या द्रवात बाहेरची धूळ शिरू दिली नाही, तर त्यात जीव उत्पन्न होत नाही, असे त्यांनी दाखविले. परंतु १८७२ च्या सुमारास लंडनचे बॅस्टियन नावाचे एक डॉक्टर पुढे सरसावले. सलगमाच्या रसात चीजचा लहानसा तुकडा टाकून त्यांनी तो रस चांगला उकळला, भांडे घट्ट बंद केले आणि काही दिवसांनी पाहिले, तो त्यात जंतू वळवळत होते! उकळत्या पाण्यात कोणताही जीव तग धरणे शक्य नाही हे तर सर्वांना मान्य होते. मग हे जंतू निर्जीव रसातूनच उपजले, असे म्हणण्यावाचून दुसरे काय उरले?

या वादात काय पणाला लागले होते, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. जंतू जर आपोआप उत्पन्न होत असतील, तर शस्त्रवैद्याने हत्यारे उकळण्यात काय हशील? साथीच्या काळी पाणी गाळून, उकळून पिण्यात तरी काय अर्थ? रोग रोखण्याची सारी आशाच त्या एका उत्तरावर टांगलेली होती.

कोह्न यांनी बॅस्टियन यांची थट्टा केली नाही, त्यांना खोटेही ठरविले नाही. त्यांनी तोच प्रयोग स्वतः करून पाहिला आणि बॅस्टियन यांनी पाहिलेली गोष्ट खरी असल्याचे त्यांस आढळले. उकळलेल्या रसात जंतू खरोखरच होत होते. गवताचा काढा घेऊन पाहिले, तरी तेच. मग त्यांनी आपले यंत्र पुढे ओढले आणि गवताच्या काढ्यातील दांड्यासारख्या जीवाणूची जीवनकथा दिवसच्या दिवस न्याहाळली. त्यांना असे दिसले की, परिस्थिती प्रतिकूल होताच या दांड्यांच्या पोटात एकेक लहानसा, अंडाकृती, लखलखणारा कण तयार होतो. दांडा विरून जातो, कण उरतो. हा कण म्हणजे बीजाणू. जाड कवचात मिटून घेतलेले ते जणू जीवाणूचे बीजच होय. उकळत्या पाण्यात दांडे मरून जातात, परंतु हे बीजाणू मरत नाहीत. पाणी निवले, अन्न मिळाले, की त्यांतून पुन्हा दांडे बाहेर पडतात आणि भराभर वाढतात. १८७६ साली कोह्न यांनी हे सारे प्रसिद्ध केले आणि बॅस्टियन यांचे कोडे उलगडले. जीव निर्जीवातून उपजला नव्हता. तो उकळीतून जिवंत पार पडला होता. इंग्लंडात टिंडल यांनीही याच सुमारास प्रयोग करून असेच पाहिले, आणि बीजाणू रुजण्यास अवधी देऊन पुनःपुन्हा तापविले असता द्रव पूर्णपणे निर्जंतुक होतो, हा उपाय दाखवून दिला. आज रुग्णालयांत हत्यारे नुसती उकळत नाहीत. वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवितात. त्याचे कारण हे चिवट बीजाणूच होत.

१८७६ च्या याच एप्रिल महिन्यात कोह्न यांना एक पत्र आले. लिहिणारा मनुष्य व्होल्श्टाइन नावाच्या लहानशा गावी सरकारी वैद्य होता. विद्यापीठाशी त्याचा संबंध नव्हता, हाताशी प्रयोगशाळा नव्हती, विद्वानांच्या सभेत त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. रोग्यांची ये-जा सांभाळून घरच्या घरी त्याने काळपुळी अर्थात फाशी या गुराढोरांच्या रोगाचा अभ्यास केला होता. त्या रोगाच्या जंतूचे संपूर्ण जीवनचक्र आपण पाहिले आहे असे त्याचे म्हणणे होते, आणि ते प्रत्यक्ष दाखविण्याची परवानगी तो मागत होता. अशी पत्रे प्रसिद्ध विद्वानांकडे अनेक येतात आणि त्यांतील बहुतेक केराच्या टोपलीत जातात. कोह्न यांनी त्याला बोलावून घेतले. त्या वैद्याचे नाव रॉबर्ट कॉख.

३० एप्रिल १८७६ रोजी कॉख आपले साहित्य घेऊन ब्रेस्लाऊला आले. त्यांचे वय तेव्हा ३२ वर्षांचे होते आणि कोह्न ४८ वर्षांचे. तीन दिवस प्रयोग चालले. काळपुळीचे जंतू दांड्यांचे लांब तंतू होतात, तंतूंत बीजाणू धरतात आणि त्या बीजाणूंपासून पुन्हा रोगजंतू होतात, हे कॉख यांनी डोळ्यांदेखत दाखविले. या जंतूलाही बीजाणू असावेत असा तर्क कोह्न यांनी अगोदरच केला होता. त्यामुळे समोर काय चालले आहे याची किंमत त्यांना तत्काळ कळली. त्यांनी विद्यापीठातील रोगविज्ञानाचे प्राध्यापक कोह्नहाइम यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना निरोप पाठवून बोलाविले. कॉख यांचा निबंध त्यांनी त्याच वर्षी आपल्या नियतकालिकात छापला. एका विशिष्ट रोगास एक विशिष्ट जीवाणू कारण होतो, हे त्या निबंधाने जगापुढे निःसंशय मांडले. कुरणात मेलेल्या गुराची जागा वर्षानुवर्षे रोगट का राहते, याचेही उत्तर त्या बीजाणूंत मिळाले.

येथे आमच्या मनात एक विचार येतो. ज्याला स्वतःच्या गावच्या विद्यापीठाने दार लावून घेतले होते, त्या पुरुषाच्या हाती तीस वर्षांनी त्याच विद्यापीठातील एका दाराची किल्ली आली होती. आणि दारावर एक अनोळखी, पदहीन मनुष्य उभा होता. स्वतः सोसलेल्या अपमानाची परतफेड माणसे पुष्कळदा दुसऱ्याला तसाच अपमान देऊन करतात. कोह्न यांनी दार उघडले. त्याच दारातून पुढे गेलेल्या कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधून काढला आणि १८८३ च्या अखेरीस ते आपल्या देशात कलकत्त्याला आले. तेथील रोग्यांच्या आतड्यांत व तळ्याच्या पाण्यात त्यांना पटकीचा जंतू सापडला. त्या शोधाने वाचलेल्या प्राणांची गणती कोण करणार?

उतारवयातही कोह्न यांचा उष्णतेचा शोध थांबला नाही. ओलसर गवताची गंजी रचू नये, ती आतून तापते आणि कधी कधी पेटते, हे आपल्याकडील शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. थंडीच्या सकाळी उकिरडा उकरला असता त्यातून वाफ निघते, हेही खेड्यात वाढलेल्या मुलांनी पाहिलेले असते. ही ऊब येते कोठून? १८८८ ते १८९३ या काळात कोह्न यांनी या विषयावर निबंध लिहिले आणि ओल्या धान्यात, खतात व कापसाच्या कचऱ्यात शिरलेल्या बुरशी व जीवाणू स्वतःच्या श्वसनाने ही उष्णता उत्पन्न करतात, असे दाखविले. काही सूक्ष्म जीव उष्णता सोसतात एवढेच नव्हे, तर ते ती निर्माणही करतात!

शास्त्र हे पंडितांपुरते राहू नये अशी त्यांची तळमळ होती. सामान्य लोकांसाठी त्यांनी सोप्या भाषेत व्याख्याने दिली आणि १८८२ साली वनस्पतींविषयी एक लोकप्रिय ग्रंथ प्रसिद्ध केला. मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. सूक्ष्म जीवांचे आद्य द्रष्टे लेव्हेनहूक यांच्या नावाचे पदक त्यांना १८८५ साली मिळाले. १८९५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने सुवर्णपदक दिले. परंतु आम्हास सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो १८९७ सालचा सन्मान. त्या वर्षी ब्रेस्लाऊ नगराने त्यांस आपले सन्माननीय नागरिकत्व अर्पण केले. ज्या गावात परीक्षेचा हक्क नव्हता, त्या गावाचा हा मान होता. पुढच्याच वर्षी, २५ जून १८९८ रोजी, त्याच गावी त्यांचे देहावसान झाले.

कोह्न यांचे सर्वच म्हणणे काळाच्या कसोटीस उतरले असे नाही. जीवाणूंना ते वनस्पती समजत. आज जीवाणूंचा वर्ग स्वतंत्र मानला जातो. परंतु निळेहिरवे शेवाळ आणि जीवाणू हे एकमेकांचे आप्त आहेत, हे त्यांनी ओळखले होते आणि ते अचूक ठरले. ऊन झऱ्यांविषयी त्यांनी मांडलेला विचारही वाया गेला नाही. १८८९ साली वीड या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने यलोस्टोन येथील प्रचंड उष्णोदकांच्या काठचे खडक घडविण्यात शेवाळाचा वाटा असल्याचे दाखविले. त्याच यलोस्टोनच्या झऱ्यांतून १९६६ साली टॉमस ब्रॉक व त्यांच्या विद्यार्थ्याने सुमारे ७० अंश उष्णतेत सुखाने वाढणारा एक जीवाणू मिळविला आणि १९६९ साली त्याला थर्मस ॲक्वाटिकस हे नाव दिले. कढत पाण्यातही न बिघडणारे त्याचे एक पाचकद्रव्यासारखे द्रव्य पुढे आनुवंशिक द्रव्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या रीतीत उपयोगी पडले. २०२० साली करोनाच्या साथीत घशातील व नाकातील स्राव घेऊन जी तपासणी घरोघरच्या माणसांची झाली, ती याच रीतीवर आधारलेली होती. २००८ साली जपानी शास्त्रज्ञांनी तर समुद्रतळाच्या उष्ण विवरातील एक सूक्ष्म जीव मोठ्या दाबाखाली १२२ अंशांतही वाढत असल्याचे दाखविले. जीवनाची शीव कोह्न यांच्या काळापासून अशी सारखी पुढे सरकत आली आहे.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सुटीत आपण एखाद्या ऊन पाण्याच्या कुंडावर गेलात, तर वडील माणसांचे ऐकून पाऊल जपूनच टाका. मात्र पायाखालच्या त्या बुळबुळीत लेपनाकडे क्षणभर वाकून पाहा. पाणी उगमाशी कसे आहे, रंग कोठे सुरू होतो, कोठे बदलतो, याची एखाद्या वहीत नोंद करा. कोह्न यांच्यापाशी प्रारंभी याहून फार निराळे असे काही नव्हते. ऐकू कमी येत होते, गावात मान नव्हता. होते ते दोन डोळे, वडिलांनी दिलेले एक यंत्र, आणि लहान वस्तूला लहान न समजण्याची वृत्ती. त्या वृत्तीनेच त्यांनी शेवाळाकडे पाहिले, आणि त्याच वृत्तीने दारात उभ्या असलेल्या खेड्यातील वैद्याकडेही पाहिले. दोन्ही ठिकाणी त्यांना जे दिसले, त्याने जगाचे कल्याण झाले.